शेततळ्यातल्या हिरव्या पाण्याचा हिशेब

मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय,
महाराष्ट्र राज्य, यांस


हे पत्र एका पुडीबद्दल आहे. मार्च उजाडला की आमच्या भागातल्या शेततळ्यांचे पाणी गडद हिरवे होऊ लागते आणि दुकानांच्या काउंटरवर ही पुडी दिसू लागते. कधी तिच्यावर ‘शेवाळनाशक’ असे छापलेले असते, कधी ‘वॉटर क्लीनर’, तर कधी नुसते उड्या मारणाऱ्या माशाचे चित्र. आत काय आहे, हे बऱ्याचदा छापलेलेच नसते. तळ्याला किती टाकायची असे विचारले की उत्तर येते, “एक टाका, फरक नाही पडला तर दुसरी टाका.” तळ्यात पाणी किती, ते विहिरीचे की पावसाचे, मासळी किती वजनाची, यातले काहीच विचारले जात नाही. दुकानदाराने ते विचारावे अशी माझी तक्रारही नाही, त्याचा धंदा पुडी विकण्याचा आहे. पण हे प्रश्न विचारणारे दुसरे कोणी आमच्या बांधापर्यंत येत नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

मी सिन्नर तालुक्यातला. थोडी द्राक्षबाग आणि प्लॅस्टिक कागद अंथरलेले एक शेततळे. आमच्याकडे अशी तळी गावोगाव आहेत. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्याआधी सामूहिक शेततळी होतीच. पाणी साठवायचे ते बागेसाठी. मासे मागून आले, आणि आले ते चांगलेच झाले. एकाच पाण्यावर दोन उत्पन्ने मिळू लागली. पण ज्या सल्ल्यावर आम्ही मासे पाळतो, तो सल्ला या तळ्यांसाठी तयार झालेलाच नव्हता. शेवाळाच्या सगळ्या रडगाण्याचे मूळ मला तिथे दिसते.

आधी एक सांगतो. हिरवे पाणी वाईट, असे माझे म्हणणे नाही. कटला, रोहू, चंदेरी यांचे निम्मे पोट त्या हिरवेपणावरच भरते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर कटला जगतो. चंदेरी तर त्या वनस्पतीच गाळून खातो. तळ्याचे पाणी अगदी नितळ पाहून खूश होणारा माणूस महिनाभरात कपाळाला हात लावतो, कारण नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत जाते आणि प्लॅस्टिकच्या उतारावर दोऱ्याचे शेवाळ धरते. त्यात बुडबुडे अडकले की त्याचे पुंजकेच्या पुंजके वर येतात, जाळे ओढताना त्यातच मासळी गुरफटते. त्यावर विषापेक्षा खराटा बरा आणि खराट्यापेक्षा पाण्यात थोडी सावली आणणारा साधा हिरवेपणा बरा.

खरी भीती तिसऱ्या प्रकाराची, निळ्या-हिरव्या शेवाळाची. त्यातले मायक्रोसिस्टिस आमच्या उन्हाळ्याला फार मानवते. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की ते पृष्ठभागावर येते आणि वारा सुटला की एका कोपऱ्यात जाड साय जमते. मासे ते नीट पचवत नाहीत. त्याच्या काही जाती यकृतावर घाव घालणारे विष तयार करतात. पिण्याच्या पाण्यात या विषाचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या वर नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस या माणसाने ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराची अशी साय प्यायलेली जनावरे दगावल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात लिहून ठेवले, म्हणजे ही गोष्ट जगाला नवी नाही. आमच्याकडे टंचाईच्या वर्षी गुरे शेततळ्यावरच पाणी पितात. हे वाक्य आपण पशुसंवर्धन विभागालाही दाखवावे.

आता मूळ सल्ल्याकडे येतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर मत्स्यबीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याची गरज संपत गेली. १९५९ साली गवत्या आणि चंदेरी देशात आले. १९७१ पासून मिश्र मत्स्यशेतीचे अखिल भारतीय प्रयोग झाले आणि त्यातून एक पाककृती तयार झाली: हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, वर्षाला दहा-वीस टन शेण, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट, शिवाय कोंडा आणि पेंड. मातीच्या तळ्यांसाठी ही पाककृती उत्तम होती आणि आजही आहे. मातीचा तळ फॉस्फरस धरून ठेवतो, गाळातले जिवाणू उरलेसुरले पचवतात, पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी बदलते. आमच्या तळ्यात माती नाही, सांडवा नाही. जे पडेल ते आतच राहते. त्यात शेण टाकणे म्हणजे उष्टी पाने न उचलता पुढची पंगत बसवणे. तरीही गावोगाव फिरणाऱ्या माहितीपत्रकांत तीच पाककृती छापलेली असते, आणि शेतकरी ती इमानाने पाळतो.

थोडा हिशेब मांडतो, कारण या विषयात सगळे बोलतात आणि कोणी आकडे घालत नाही. ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल, एकास एक उताराचे तळे काठोकाठ भरले तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी बसते. माशांच्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरू. १०० किलो खाद्यात एक किलो. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात उतरतो. ७०० ग्रॅम धरा. तो २२ लाख लिटरमध्ये पसरला तर लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर जातो. तलावाच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फरस असला तरी शास्त्रज्ञ त्या तलावाला अतिपोषित म्हणतात. म्हणजे दोन पोती खाद्यातच आमचे तळे ती रेघ ओलांडते. ५०० किलो मासळी काढायची तर खाद्य ७००-८०० किलो लागते. त्यावर शेण कशाला?

फॉस्फरसवर एवढा भर का, असे कोणी विचारील. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तलावांवर प्रयोग करण्यासाठी राखून ठेवलेला एक प्रदेश आहे. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तलावाला डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग गडद हिरवा झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेले त्या तलावाचे छायाचित्र जगभर गाजले. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंदी आणण्याच्या वादात जे काम मोठमोठ्या अहवालांनी केले नाही, ते त्या एका छायाचित्राने केले. आपल्या विभागाच्या प्रत्येक प्रशिक्षणात ते भिंतीवर हवे.

म्हणून मला शेवाळ मारण्याचे औषध ही कल्पनाच अपुरी वाटते. औषधाने शेवाळ मरते, फॉस्फरस मरत नाही. मेलेले शेवाळ कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, त्यातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो आणि काही आठवड्यांत नवे शेवाळ उभे राहते. दुकानदाराच्या दृष्टीने याहून चांगला माल नाही.

बहुतेक पुड्यांना पर्याय म्हणून, किंवा पुडीतच, असते ते मोरचूद. द्राक्षवाल्याच्या खोलीत ते असतेच, बोर्डो मिश्रणासाठी. शेवाळावर ते चालते यात शंका नाही, पण त्याचे माप पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेवर, ठरते. जगभर वापरला जाणारा साधा नियम असा: अल्कलिनिटीचा आकडा भागिले शंभर, तितके मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला, आणि अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचूदाला हातच लावू नये. आता आमच्या गावात शेजारी शेजारी दोन तळी असतात. एक बोअरच्या पाण्याने भरलेले, अल्कलिनिटी २५०. त्याला हिशेबाने साडेपाच किलो लागेल. दुसरे ओढ्याच्या पावसाळी पाण्याने भरलेले, अल्कलिनिटी ४०. त्यात ते टाकणेच धोक्याचे, कारण मवाळ पाण्यात तांबे मोकळे राहते आणि थेट माशाच्या कल्ल्यांवर बसते. दोन्ही शेतकरी एकाच दुकानातून दोन-दोन किलो घेऊन जातात. एक म्हणतो औषधात दम नाही, दुसऱ्याची मासळी उलटी होते आणि तो म्हणतो औषध कडक होते. औषध दोघांचे एकच असते.

शिवाय मोरचूद टाकायला शेतकऱ्याला कोण लावते? बऱ्याचदा ठिबक. शेततळ्याचे पाणी ठिबकला जाते, शेवाळाने सँड फिल्टर तासाभरात तुंबतो, बाग तहानलेली असते. ठिबकवाला सांगतो मोरचूद टाका, मासेवाला सांगतो टाकू नका. एकच तळे, दोन विभाग, दोन सल्ले. यावर दोन्ही बाजूंना पटेल असा मार्ग आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाजवळ ठेवून विष्ठा आणि गाळ मिसळलेले पाणी आठवड्यातून एकदा मोकळ्या पाटाने ऊस, चारा, नारळ अशा पिकाला सोडावे, आणि ठिबकसाठी पाणी तरंगत्या फूटव्हॉल्व्हने मधल्या थरातून घ्यावे. जो फॉस्फरस तळ्यात शत्रू आहे, तो शेतात खत आहे. तळ्यातून तो बाहेर काढण्याचा याहून स्वस्त रस्ता नाही. आपण आणि कृषी आयुक्त यांनी मिळून एकच परिपत्रक काढले, तर निम्मे मोरचूद दुकानातच राहील.

पाणी कठीण असेल तिथे तुरटीचाही उपयोग होतो, ती फॉस्फरसला बांधून खाली बसवते. लिटरला वीस मिलिग्रॅम धरले तर वरच्या मापाच्या तळ्याला ४४ किलो. पण ती अल्कलिनिटी खाते, म्हणून मवाळ पाण्यात नको. इथेही मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. चंदेरी सोडा म्हणजे शेवाळ संपेल, असेही एक आश्वासन फिरत असते. चंदेरी शेवाळ खातो हे खरे, पण विष्ठा त्याच तळ्यात टाकतो. तो असावा, त्याच्यावर भार टाकू नये.

आता रात्रीचा प्रश्न, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळ माशांबरोबर तो ओढते. दाट हिरव्या तळ्यात दुपारी तीनला विरघळलेला प्राणवायू लिटरला १५ मिलिग्रॅमच्या वर सापडतो आणि पहाटे पाचला दोनच्या खाली. मासळी वर येऊन तोंड मारू लागते, आधी कटला आणि चंदेरी. ढगाळ दिवस आला की दिवसाची कमाईही बुडते. दुपारची गोष्टही सुखाची नाही: शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवते, सामू नऊच्या वर जातो आणि तेवढाच अमोनिया कितीतरी पट विषारी होतो. २५ अंश तापमानाला सामू आठ असताना अमोनियाचा विषारी भाग सुमारे पाच टक्के असतो, नऊ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. दुपारी अमोनिया आणि पहाटे गुदमरणे, अशा दोन्ही बाजूंनी मासा सापडतो. सकाळी मेलेली मासळी पाहून लोक म्हणतात, रोग आला.

पहाटे दोन ते सहा एरेटर चालला तर यातले बरेच टळते. एक अश्वशक्तीचा एरेटर चार तासांत तीन युनिट वीज खातो. मार्च ते मे अशा नव्वद रात्रींचे २७० युनिट. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, कृषी दराने वीज मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करायला हवे. पण दर कमी झाला म्हणून वेळ जुळत नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही तासच असते, दिवसपाळी आणि रात्रपाळी आलटून पालटून. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मागितली ती दिवसाची वीज, आणि सौर योजनांमुळे ती आता मिळू लागली आहे. बागेसाठी ते वरदान आहे. माशाला मात्र वीज लागते ती सूर्य उगवायच्या आधी. सौर पंपाला जोडलेला एरेटर दुपारी फिरतो, तेव्हा पाण्यात प्राणवायू आधीच उतू जात असतो! अनुदानाच्या यादीत सिंगल फेज एरेटर घाला, शेततळ्यांसाठी पहाटेच्या चार तासांची वीज महावितरणकडे मागा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळी, बीज, खाद्य, शीतपेट्या यांना पैसे आहेत. पहाटेच्या प्राणवायूला तितकेच महत्त्व द्या.

बोटुकली किती सोडावीत, हा सल्लाही मेमधल्या पाण्यावर द्यावा. हेक्टरी दहा हजार या हिशेबानेसुद्धा ३० बाय ३० च्या तळ्यात ९०० बोटुकली बसतात. लोक त्याच्या कितीतरी पट सोडतात, आणि बाग पाणी पीत जाते तसे एप्रिलमध्ये तळे निम्म्यावर येते. मासे तेवढेच, किंबहुना मोठे झालेले, पाणी अर्धे, ऊन दुप्पट. शेवाळ फोफावते ते नेमके याच वेळी. फेब्रुवारीअखेर निम्मी मासळी काढून विकणाऱ्यांचा उन्हाळा बरा जातो. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती जिओस्मिन सोडतात आणि मासळीला मातकट वास लागतो. तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. अमेरिकेतले कॅटफिशवाले विक्रीआधी मासा शिजवून चाखून पाहतात आणि वास आला तर तो तळ्यातच थांबवतात. आमच्याकडे तो थेट बाजारात जातो, व्यापारी भाव पाडतो आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक फिरकत नाही.

हे सगळे विदर्भातल्या मालगुजारी तलावांना लागू नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे तळ मातीचा, तलाव गावाचा, मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थांची, आणि पोषक द्रव्ये येतात ती वरच्या भातखाचरांतून. स्वतः एक पोते खत न टाकता त्यांच्या पाण्यावर शेवाळ येते. त्यांचे पत्र त्यांनी लिहावे, ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील.

मोजणी ही खर्चाची बाब आहे असे मला सांगू नका. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती, तिचे दोन भाग काळे, दोन पांढरे, मधोमध खुणांची दोरी. अँजेलो सेकी या इटालियन पाद्र्याने १८६५ साली भूमध्य समुद्रात ही युक्ती वापरली आणि आजही तिला तोड नाही. चकती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक, वीसच्या आत दिसेनाशी झाली तर त्या दिवशी खाद्य बंद. गावातला वेल्डर ती अर्ध्या तासात करून देतो. अल्कलिनिटी थेंब मोजून तपासायचा संच पंचायत समितीत एक असला तरी पुरे. मातीला आरोग्य पत्रिका मिळते, तशी प्रत्येक मत्स्य-शेततळ्याच्या पाण्याला पत्रिका द्या आणि बीजाचे अनुदान तिच्याशी जोडा. मापे घ्यायला माणसे नाहीत, असे उत्तर येईल. वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला, उदगीरला मत्स्य महाविद्यालये आहेत. तिथल्या मुलांना एका उन्हाळ्यासाठी आमच्या तळ्यांवर पाठवा. पहाटे पाच आणि दुपारी तीन, अशी प्राणवायूची दोन मापे रोज. मुलांना प्रबंधाला विषय मिळेल, विभागाला महाराष्ट्राचे स्वतःचे आकडे मिळतील.

आणि ती पुडी. तिच्यावर घटक, प्रमाण, कोणत्या अल्कलिनिटीला किती मात्रा आणि मासळी विकण्याआधी किती दिवस थांबायचे, एवढे छापल्याशिवाय ती विकता येऊ नये. हे अधिकार कदाचित एकट्या आपल्या हातात नसतील. मागणी मांडण्याचा अधिकार आहे.

१० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. या वर्षी त्या दिवशी प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यासाठी वेगळी मार्गदर्शिका काढावी, ही माझी विनंती. त्यात शेण, युरिया आणि सुपर फॉस्फेट यांना स्पष्ट नकार असावा, आणि मोरचूदाचा तक्ता अल्कलिनिटीप्रमाणे असावा. ती मराठीत असावी आणि काठावर ओल्या हातानेही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत छापावी. पाण्याचे नमुने द्यायला, पहाटे तळ्यावर हजर राहायला आम्ही तयार आहोत. आपण माणूस पाठवा.

आपला,
सिन्नर तालुक्यातील एक शेततळेधारक